ऊन सगळीकडे, वीज मात्र नेगेवमध्ये



मागच्या महिन्यात आमच्या दिमोनाच्या घरी नातू आला होता. गच्चीवर कपडे वाळत घालताना त्याने विचारलं, "आज्जी, ऊन तर तेल अवीवलाही पडतं. मग सोलरची एवढी मोठी शेतं इकडेच का?" पोराने बरोबर विचारलं. आम्हीही खोलात शिरलो.

आपल्या गच्चीवरचा दूद शेमेश घ्या. गावाकडच्या बंबाचाच तो भाऊ, फक्त लाकडं लागत नाहीत. 1980 साली सरकारने नियम केला की 27 मीटरपर्यंत उंचीच्या नव्या घरांना तो लावलाच पाहिजे. म्हणून तो दिमोनात दिसतो तसा हैफातही दिसतो. नियम सगळीकडे सारखा, तर टाक्याही सगळीकडे!

विजेचं तसं झालं नाही. बालमित्रांनो, नकाशावर हादेरा आणि अश्कलोन शोधा. दोन्ही समुद्रकाठी. कोळसा जहाजाने यायचा, यंत्रं थंड करायला समुद्राचं पाणी लागायचं, म्हणून मोठी वीजकेंद्रं तिथे झाली. जाड तारा तिथून मोठ्या शहरांकडे गेल्या. दक्षिणेला वस्ती थोडी, म्हणून इकडे तारा बारीक.

मग सरकारने सूर्याच्या विजेला ठरावीक दर बांधून द्यायला सुरुवात केली. सोलरच्या शेताला जागा लागते भरपूर. देशाची निम्म्याहून जास्त जमीन नेगेवमध्ये, तीही बरीचशी सरकारी, आणि ढग कमी. मध्य भागात एवढी मोकळी जमीन आहे कुठे? 2011 मध्ये अरावातल्या केतुरा किबुत्झजवळ पहिलं मोठं सोलर शेत सुरू झालं, जवळजवळ 5 मेगावॅटचं. 2019 मध्ये अशालीमचा मनोरा चालू झाला. उंची सुमारे अडीचशे मीटर, भोवती पन्नास हजारांहून जास्त आरसे. बेरशेबाहून दक्षिणेला जाताना त्याचं टोक असं झगमगतं की बघवत नाही. पण त्याचा दर आधीच पंचवीस वर्षांसाठी ठरलेला होता, आणि बांधून होईपर्यंत साध्या पॅनलची वीज कितीतरी स्वस्त झाली. ती महाग वीज सगळ्या देशाच्या बिलात जाते, तुमच्याआमच्याही.

खरी अडचण तारांची. आम्ही आयुष्यभर सलाईन लावली. बारीक शिरेत जाड सुई घातली तर शीर फुटते, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. दुपारी नेगेवमध्ये वीज उदंड, पण ती वर न्यायची कशातून? आणि रात्रपाळी करणाऱ्यांना ठाऊक आहे, दिवे लागतात सूर्य गेल्यावर! अशालीमलाच शेजारच्या दुसऱ्या केंद्रात वितळलेल्या मिठात उष्णता साठवून अंधार पडल्यावरही साडेचार तास वीज काढता येते. बाकी ठिकाणी आता बॅटऱ्या बसवताहेत.

2020 पर्यंत दहा टक्के वीज अशी करायची, असं सरकारने ठरवलं होतं. ते साधलं नाही. त्याच वर्षी 2030 साठी तीस टक्के ठरवले. शिवाय नव्या जाड तारा ज्यांच्या गावावरून जायच्या त्यांना त्या नको असतात, म्हणून आता गच्च्यांकडे लक्ष गेलंय. गच्चीवरची वीज तिथल्या तिथे वापरली जाते, लांबची तार लागत नाही.

आणि इथेच आमच्या इमारतीत भांडण! गच्ची सगळ्यांची. वरच्या मजल्यावरच्या आजोबांना वाटतं, पॅनल आले की दूद शेमेश काढावे लागतील आणि थंडीत गार पाण्याने आंघोळ करावी लागेल. आम्ही समजावलं, पण ऐकतात कुठे! शेवटी नातवाने टेप घेऊन गच्ची मोजली. टाक्या सोडून उत्तरेकडची अर्धी बाजू मोकळी आहे, पण तिच्यावर पलीकडच्या इमारतीची सावली येते की नाही ते अजून बघायचंय. पुढच्या मंगळवारी सगळ्यांची बैठक आहे. आजोबांना आम्ही चहाला आधीच बोलावलंय.