परसबागेतील हाथीचोक : साठवणुकीचे अर्थकारण

नाशवंत पिकांच्या बाबतीत उत्पादनाइतकाच साठवणुकीचा प्रश्न महत्त्वाचा असतो. सूर्यफुलाच्या कुळातील, मूळचे उत्तर अमेरिकेतील हाथीचोक अर्थात जेरुसलेम आर्टिचोक हे कंदपीक त्याचे बोलके उदाहरण होय. बटाट्यातील स्टार्चऐवजी यात प्रामुख्याने इन्युलिन असते. ते लहान आतड्यात पचत नसल्याने रक्तातील साखर झपाट्याने वाढत नाही. मात्र अतिसेवनाने पोटात वायू धरतो.

जबलपूरच्या विजय नगरसारख्या वसाहतीतील परसबागेत हे पीक घेताना निचरा महत्त्वाचा ठरतो. भारी काळ्या जमिनीत पाणी साचल्यास कंद कुजतात. म्हणून गादीवाफ्यावर १० ते १५ सेंटीमीटर खोल लागवड करावी. पाने वाळल्यावर काढणी सुरू करावी.

पातळ सालीमुळे काढलेले कंद लवकर सुकतात. त्यामुळे व्यापाऱ्याला ते परवडत नाहीत; परसबागेत मात्र हिवाळ्यात ते जमिनीतच ठेवून गरजेपुरते काढता येतात. माती हेच बिनभाड्याचे कोठार ठरते. या सोयीचीही किंमत असते : राहिलेला कंद पुन्हा फुटतो. तणविषयक राष्ट्रीय संशोधन केंद्र १९८९ मध्ये ज्या शहरात स्थापन झाले, तेथे हा धोका वेगळा सांगावयास नको. उन्हाळ्यापूर्वी वाफा पूर्ण रिकामा करावा.

सारांश, बाजाराने नाकारलेले पीक कुटुंबाच्या पोषण सुरक्षेस निरुपयोगी असतेच असे नाही.