निर्जन सीमेचे अर्थकारण

बोलिव्हिया म्हटले की अँडीजची हिमशिखरे आणि सुमारे ३,६०० मीटर उंचीवरील ला पाझ हे शहर डोळ्यांसमोर येते. वास्तविक या देशाचा निम्म्याहून अधिक भूभाग सखल आहे. त्याच्या उत्तर टोकाला, ब्राझील व पेरू यांच्या सीमांना भिडलेला पांडो हा प्रांत आहे. क्षेत्रफळ सुमारे ६४ हजार चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या, २०१२ च्या जनगणनेनुसार, १ लाख १० हजार. म्हणजे चौरस किलोमीटरमागे दोन माणसेही नाहीत. त्यांतही चार दशांश लोक कोबिहा या राजधानीत व तिच्या परिसरात एकवटलेले. उर्वरित सारे अरण्य आणि नद्या.

सीमा कागदावर आखून भागत नाही, तेथे माणसे असावी लागतात, हा धडा बोलिव्हियाने मोठी किंमत देऊन घेतला. पांडोच्या उत्तरेचा आक्रे प्रदेश १८६७ च्या तहाने बोलिव्हियाचा होता. परंतु तेथे रबराचा चीक काढणारे बहुतेक ब्राझिलियन होते. त्यांच्या उठावांची परिणती १९०३ च्या पेट्रोपोलिस तहात झाली. वीस लक्ष पौंड आणि एका रेल्वेमार्गाचे आश्वासन यांच्या मोबदल्यात आक्रे गेला. तो मार्ग १९१२ मध्ये पुरा झाला, तेव्हा आशियातील मळ्यांच्या रबराने ॲमेझॉनच्या रबराची सद्दी संपवीत आणली होती. उरलेल्या भागातून १९३८ मध्ये पांडो प्रांत निर्माण झाला.

आज या प्रांताचा मुख्य आधार आहे ब्राझील नट. नाव ब्राझीलचे असले, तरी सोललेल्या मालाच्या निर्यातीत बोलिव्हिया आघाडीवर आहे. या वृक्षाचे वैशिष्ट्य असे की, तो अखंड अरण्यातच भरघोस फळतो. भोवतीचे जंगल तोडून कुरणात एकटा राखलेला वृक्ष फारसे फळ देत नाही. पावसाळ्यात फळे वेचणाऱ्या मजुरांना हंगामापूर्वी उचल देण्याची पद्धत रबराच्या काळापासून चालत आली आहे. उचल फेडता फेडता हंगाम सरतो आणि अरण्यातील संपत्तीचा मोठा वाटा व्यापाऱ्याच्या हाती जातो.

२००१ ते २०१२ या काळात पांडोची लोकसंख्या दुपटीहून अधिक झाली. त्यास सरकारी धोरणही पोषक होते. २००९ पासून डोंगराळ भागातील काही कुटुंबे येथे आणून वसविण्यात आली. शिरगणतीवर सरकारी निधीचा वाटा ठरत असल्याने डोकी वाढणे प्रांतालाही हवेच असते. परंतु नव्या वसाहतकऱ्याला शेती हवी, शेतीला मोकळी जमीन हवी, आणि जमीन मोकळी करावयाची तर अरण्यच तोडावे लागते. सीमा राखण्यासाठी आणलेला माणूस त्या सीमेवरील उपजीविकेचे साधनच नष्ट करील, असा हा पेच आहे.

आक्रे गमावला तो केवळ माणसे कमी होती म्हणून नव्हे. तेथील उत्पन्नावर जगणारी माणसे आपली नव्हती म्हणून. तेव्हा बाहेरून वस्ती आणण्यापेक्षा, फळ वेचणाऱ्याला उचलीच्या पाशातून सोडवून रास्त भाव मिळवून देणे, हाच सीमारक्षणाचा अधिक स्वस्त आणि अधिक टिकाऊ उपाय ठरेल.