रिपोर्ट नॉर्मल, दुखणं खरं

1959 साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाचे डॉक्टर जॉर्ज एंगल यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. वर्षानुवर्षं दुखणं सांगणाऱ्या, पण तपासणीत काहीच न सापडणाऱ्या अनेक रुग्णांचं बालपण मारहाणीत आणि छळात गेलेलं त्यांना आढळलं होतं. निरीक्षण मोलाचं होतं. स्पष्टीकरणाने मात्र घात केला. वेदनेचं मूळ त्यांनी रुग्णाच्या अपराधी भावनेत शोधलं, आणि 'हे सगळं मनाचं आहे' या शेऱ्याला शास्त्राचा आधार मिळाला.

रुग्ण गप्पच राहिले. 1990 मध्ये डग्लस ड्रॉसमन आणि सहकाऱ्यांनी नॉर्थ कॅरोलायनात पोटाच्या विकारांसाठी आलेल्या 206 स्त्रियांना विचारलं, तेव्हा 44 टक्के जणींनी लहानपणी किंवा पुढे कधीतरी अत्याचार झाल्याचं सांगितलं. त्यांतल्या जेमतेम 17 टक्के जणी आपल्या डॉक्टरांशी त्याबद्दल बोलल्या होत्या.

मग प्रश्नच मोठ्या प्रमाणावर विचारला गेला. सॅन दिएगोत व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी 1995 ते 1997 या काळात 17 हजारांहून अधिक प्रौढांकडून बालपणीच्या छळाची, दुर्लक्षाची आणि घरातल्या हिंसाचाराची माहिती घेतली. याच माहितीवरून 2010 मध्ये दिसलं, की असे अनुभव जितके जास्त, तितकी वारंवार डोकेदुखीची शक्यता जास्त.

पण आठवणींवर कितपत विसंबायचं? कॅरेन राफेल आणि कॅथी विडम यांनी उलट्या टोकापासून सुरुवात केली: लहानपणीच्या छळाची नोंद न्यायालयात झालेली मुलं मोठेपणी शोधून काढली. 2001 च्या त्यांच्या निष्कर्षात नोंदलेला छळ आणि कारण न सापडणारं दुखणं यांचा थेट संबंध दिसला नाही. 2011 मध्ये त्यांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा धागा हाती लागला: छळ सोसलेल्यांपैकी ज्यांना मोठेपणी आघातोत्तर ताणाचा विकारही होता, त्यांचं दुखणं अधिक होतं.

याआधी, 2009 मध्ये, ब्रिटनमध्ये 1958 च्या मार्चमधल्या एका आठवड्यात जन्मलेल्यांचा अभ्यास आला होता. अनाथालयासारख्या संस्थेत वाढलेल्या किंवा लहानपणी आई गमावलेल्या मुलांना पंचेचाळिशीत अंगभर दुखण्याचा धोका अधिक होता. त्यांच्या बालपणाच्या नोंदी त्याच काळात झालेल्या असल्याने आठवणींचा आक्षेप इथे लागू पडत नव्हता.

दरम्यान वेदनेची समजही बदलली. दीर्घकाळचा ताण शरीराची ताण-यंत्रणा बिघडवतो आणि मज्जासंस्था साध्या स्पर्शालाही वेदनेचा इशारा मानू लागते, असं मानलं जातं. 2017 मध्ये आंतरराष्ट्रीय वेदना संघटनेने ऊतींना इजा झाल्याचा स्पष्ट पुरावा नसताना होणाऱ्या अशा वेदनेसाठी 'नोसिप्लास्टिक' ही वेगळी संज्ञा स्वीकारली. फायब्रोमायल्जिया हा अंगभर दुखण्याचा विकार त्यातलाच.

2023 मध्ये आठ लाखांहून अधिक प्रौढांची माहिती एकत्र तपासली गेली. बालपणी थेट छळ किंवा दुर्लक्ष सोसलेल्यांत जुनाट दुखण्याची शक्यता 45 टक्क्यांनी अधिक आढळली. म्हणजे छळ सोसलेल्या प्रत्येकाला दुखणं जडत नाही, आणि दुखणाऱ्या प्रत्येकाचा छळ झालेला नसतो. म्हणूनच बालपणीच्या छळाचा प्रश्न एकांतात, घाई न करता विचारला जायला हवा, आणि उत्तर 'हो' आलं तरी दुखण्याची तपासणी आणि औषधं थांबता कामा नयेत.