यकृतसंरक्षक द्रव्यांची परीक्षा आणि आपली काविळीची चिकित्सा

ऊसतोडीहून परतलेली कुटुंबे बीड जिल्ह्यातील आपापल्या गावी स्थिरावतात न स्थिरावतात तोच, उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पहिल्या पावसात, काविळीचे रुग्ण आमच्याकडे येऊ लागतात. दूषित पाण्यातून होणारी ही कावीळ. आरोग्यवर्धिनी, जोडीला बांधावरची भुईआवळी आणि पथ्यास ताकभात. तीन-चार आठवड्यांत डोळ्यांचा पिवळेपणा गेला की यश आमच्या पदरी, असा हिशेब आम्ही कित्येक वर्षे बिनदिक्कत मांडला. ‘अ’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ बहुतांश रुग्णांत औषधावाचूनही उतरते, ही गोष्ट त्या हिशेबात आम्ही धरलीच नव्हती.

‘यकृतसंरक्षक, प्रयोगसिद्ध’ असे छापलेल्या बाटल्या आज प्रत्येक औषधालयात आहेत. प्रयोग कोणता, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. सामान्यतः पांढऱ्या उंदरांना वनस्पतीचा अर्क काही दिवस पाजतात, मग कार्बन टेट्राक्लोराइड किंवा पॅरासिटामॉलची मोठी मात्रा देतात. रक्तातील एसजीपीटी, एसजीओटी व बिलिरुबिन मोजतात, यकृताचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि तुलनेसाठी एका गटास सिलिमरिन देतात. येथे औषध आधी आणि विष नंतर. आमचा रुग्ण तर डोळे पिवळे झाल्यावर येतो. शिवाय यकृतातील विकरांमुळेच कार्बन टेट्राक्लोराइडपासून घातक द्रव्य तयार होते. अर्काने ती विकरेच रोखली तरी पेशी वाचतात. पण विषाणूजन्य काविळीत त्याचा उपयोग काय?

म्हणूनच मुंबईतील कुटकीवरचे काम आम्हांस मोलाचे वाटते. आरोग्यवर्धिनीत निम्मा भाग कुटकीचाच. या कल्पाची तीव्र विषाणूजन्य काविळीतील दुहेरी अंध चाचणी १९८० मध्येच प्रसिद्ध झाली होती. पुढे १९९६ मध्ये डॉ. अशोक वैद्य व सहकाऱ्यांनी कुटकीचे उंदरांवरील आणि रुग्णांवरील, असे दोन्ही निष्कर्ष एकत्र मांडले. ‘ब’ विषाणू नसलेल्या १५ रुग्णांना कुटकीच्या मुळाचे चूर्ण ३७५ मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा दोन आठवडे दिले, १८ जणांना तसेच दिसणारे निष्क्रिय औषध. बिलिरुबिन सरासरी २.५ पर्यंत उतरण्यास कुटकीच्या गटात सुमारे २७ दिवस लागले, दुसऱ्या गटात सुमारे ७६. रुग्णसंख्या लहान आहे, हे खरे. पण आमच्या हिशेबात नसलेला तो दुसरा गट येथे आहे, आणि तपासले ते आपण रोज पुडीत बांधतो ते चूर्ण.

भुईआवळीची कथा सावध करणारी आहे. १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या मद्रासच्या अभ्यासात ‘ब’ विषाणूच्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातून त्याची खूण नाहीशी झाली. निष्क्रिय औषधाच्या गटात २३ पैकी एकाच्या. जगभर आशा पल्लवित झाली, परंतु नंतरच्या अनेक चाचण्यांत हे यश पुन्हा दिसले नाही. भुईआवळीच्या नावाने बाजारात एकाहून अधिक जाती विकल्या जातात, हेही विसरता येत नाही. त्यातील फायलँथिन पाण्यात फारसे विरघळत नाही. तेव्हा मद्यार्कातील अर्कावरचा निष्कर्ष काढ्याच्या बाटलीवर छापणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

२०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा आपल्यातील अनेकांना राग आला. घेतलेली वनस्पती गुळवेलच होती की तिची दुसरी जात, हा आयुष मंत्रालयाचा आक्षेप योग्यच होता. पण तोच प्रश्न आपल्या दुकानातील पोत्यालाही लागू पडतो.

आता औषध कंपनीचा प्रतिनिधी आला की आम्ही तीन गोष्टी विचारतो: वनस्पतीची ओळख कोणी पटवली, अर्क कशात काढला, आणि औषध विषाच्या आधी दिले की नंतर. बहुतेक जण पुढच्या वेळी सांगतो म्हणतात. काविळीच्या रुग्णाची प्रोथ्रॉम्बिन तपासणी आम्ही पहिल्याच दिवशी करवून घेतो. ती बिघडलेली असेल, रुग्ण असंबद्ध बोलत असेल किंवा गर्भवती असेल, तर पुडी न बांधता त्याच दिवशी अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवतो.