'पुढच्या ईदलाही चालतील' म्हणून मोठे बूट घेताना

चांद रातीला बाजारात पाय ठेवायला जागा नसते. अम्मीच्या एका हातात शेवया आणि सुक्यामेव्याची पिशवी, दुसऱ्या हातात शिंप्याकडून आणलेले कपडे, आणि मुलांचे बूट अजून घ्यायचेच आहेत. मुलं घरी दादीजवळ. मग दुकानदाराला सांगितलं जातं, "सात वर्षांचा आहे, एक नंबर मोठाच द्या. पुढच्या ईदलाही चालतील." आपल्यापैकी बहुतेकांचे लहानपणीचे बूट असेच घरी आले. आम्हीही आमच्या मुलांसाठी कित्येक वर्षं असेच आणले.

मग थोरल्याची गोष्ट घडली. शाळेचे बूट आम्ही दोन नंबर मोठे घेतले होते आणि पुढे कापूस कोंबून दिला होता. काही महिन्यांनी तो मैदानावर जाईनासा झाला. आम्हाला वाटलं मोबाईलचा नाद. शेवटी पीटीच्या सरांनी सांगितलं की तो पाय घासत चालतो आणि पळताना दोनदा पडलाय. घरी मोजे काढून पाहिलं तर दोन्ही टाचांवर फोड येऊन, फुटून, कातडी कडक झालेली. "सांगितलं का नाहीस?" विचारलं तर म्हणाला, "अब्बू म्हणाले होते ना, हे दोन वर्षं वापरायचे आहेत." घरातलं पैशाचं बोलणं मुलं ऐकत असतात, हे आम्हाला त्या दिवशी नीट कळलं.

मोठा बूट वाईट का, ते आधी पाहू. आपल्याकडे बुटांवर सहसा जो नंबर असतो तो ब्रिटिश पद्धतीचा. त्यात एका नंबरने बूट इंचाच्या एक तृतीयांशाने, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटरने लांब होतो. बरोबर मापाच्या बुटातही बोटांपुढे सेंटिमीटरभर जागा लागतेच. त्यावर दोन नंबर मोठा घेतला की पुढे जवळजवळ अडीच-पावणेतीन सेंटिमीटर मोकळे. मग पाय आत पुढे-मागे सरकतो, टाच घासते आणि बूट निसटू नये म्हणून मूल बोटं आवळून चालतं. बूट जिथे वाकतो तिथे पायाची बोटं नसतातच. कापूस कोंबल्याने यातलं काहीच सुधारत नाही.

लहान बुटाचा त्रास वेगळा आणि जास्त फसवा. लहान मुलांच्या पायातली बरीच हाडं अजून मऊ कूर्चेची असतात. दाबलं तरी पाय आकार बदलून सामावून घेतो, त्यामुळे मूल 'दुखतंय' म्हणत नाही. 'टोचतंय का?' विचाराल तर नव्या बुटाच्या आनंदात 'नाही' म्हणेल! पुढे नख मांसात रुततं, कुरूप होतं, बोटं वाकडी व्हायला लागतात. म्हणून मुलाच्या उत्तरावर न जाता मापावर जायचं.

माप घरीच घेता येतं. दुपारनंतर किंवा संध्याकाळी घ्या, दिवसभराच्या चालण्याने पाय थोडा फुगलेला असतो. भिंतीला टाच टेकवून मुलाला कागदावर उभं करा. बसलेल्याचं माप घेऊ नका, उभं राहिल्यावर पाय पसरतो. सर्वांत लांब बोटापर्यंत खूण करा. काहींचं अंगठ्याशेजारचं बोटच जास्त लांब असतं. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाचं माप धरा. या मापात दहा ते बारा मिलिमीटर मिळवले की बुटाची आतली लांबी मिळाली. पायाची बाहेरची रेघ काढून तो कागद कापून ठेवला तर आणखी सोपं. मूल बरोबर नसलं तरी कागद बुटात सरकवून पाहता येतो. कागद कडेला दुमडला तर बूट अरुंद आहे.

या अरुंदपणातच आपली खरी गोची आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले. भारतीय पाय सरासरीने युरोपियन पायापेक्षा रुंद असतात, हे त्यातून दिसलं, आणि त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धत सुचवली गेली. दुकानात काय होतं, तर बूट बाजूंनी दाबतो आणि दुकानदार एक नंबर मोठा काढून देतो. रुंदी जेमतेम जमते, पण लांबी उगाच वाढते. अशा वेळी नंबर न वाढवता पुढून गोल आणि रुंद असलेला दुसरा बूट मागा. टोकदार बूट शेरवानीवर कितीही शोभला तरी मुलाच्या पायाचं पुढचं टोक काही टोकदार नसतं.

नंबराचा आणखी एक घोळ. मुलांचे नंबर 13 पर्यंत जातात आणि त्यानंतर मोठ्यांचा 1 सुरू होतो. काही बुटांवर 30, 32 असे युरोपियन आकडे असतात, तेव्हा ब्रिटिश 13 म्हणजे साधारण युरोपियन 32. आणि एकाच नंबरचे दोन कंपन्यांचे बूट सारखे असतीलच असं नाही. म्हणून सेंटिमीटरचं माप खिशात असलेलं बरं. राज्य सरकारने 2023-24 पासून सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोड बूट आणि दोन जोड मोजे देण्याचा निर्णय घेतला. तिथेही नंबर विचारला तर अंदाजाने सांगू नका, माप लिहून पाठवा.

दुकानात मुलाला मोजे घालून दोन्ही बूट घालायला लावा, नाडी बांधा आणि दहा-वीस पावलं चालू द्या. टाच वर निघता कामा नये. बूट हातात घेऊन वाकवा: बोटांच्या मुळाशी वाकला तर ठीक, मधोमध वाकला तर परत द्या. टाचेमागचा भाग दाबून पाहा, तो घट्ट हवा. 'वापरला की सैल होईल' असं कोणी म्हणालं तर सोडून द्या. मुलाच्या पायाने बूट सैल करून घेण्यात काय अर्थ?

टाचेवरून आठवलं. आपली मुलं मशिदीत आणि मदरशात दिवसातून किती वेळा बूट काढतात-घालतात! नाडी सोडायचा कंटाळा, मग टाच दाबून बुटाची चप्पल करून टाकतात. महिन्याभरात मागचा भाग मोडतो आणि चांगला बूटही वाया जातो. त्यासाठी मागे पट्टा असलेली, चिकटपट्टीची सँडल वेगळी ठेवलेली परवडते. ईदला तीच नवी घेतली तर ईदही होते आणि वर्षभर मशिदीची सोयही. मोजडीचा हट्टच असेल तर ती चार-पाच तासांपुरती घालू द्या.

वुजूच्या वेळी मुलाचे पाय पाहायची सवयही लावून घ्या. बोटांमध्ये खिलाल करताना लाल डाग, फोड, रुतलेलं नख लगेच दिसतं. पाय धुतल्यावर मोजे चढवण्याआधी बोटांमधलं पाणी पुसायला सांगा, नाहीतर पावसाळ्यात चिखल्या ठरलेल्याच. कोकणातल्या घरांना हे सांगायला नको.

किती दिवसांनी माप घ्यायचं? तीन वर्षांच्या आतल्या बाळाचं दर दोन-तीन महिन्यांनी, पुढे शाळेत जाईपर्यंत चार महिन्यांनी, नंतर सहा महिन्यांनी. सहा वर्षांपुढे पाय वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतो, म्हणजे नीट मापाचा बूट सहा ते नऊ महिने चालतो. आपल्याकडे यात चंद्राचाही हिशेब येतो. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. 2025 मध्ये रमजान ईद 31 मार्चला होती आणि बकरी ईद 7 जूनला, शाळा उघडायच्या तोंडावर. तीन वर्षांच्या मुलासाठी मार्चच्या ईदला घेतलेला बूट जूनमध्ये बालवाडीला पुरेलच असं नाही. म्हणून ईदला सँडल आणि शाळेचा बूट जूनमध्ये, असं विभागलं तर एकदम खर्चही पडत नाही.

थोरल्याचे बूट धाकट्याला द्यावेत का? आमच्या घरात तर दिले जातात, आणि तीन-चार मुलांच्या घरात दुसरं काय करणार? फक्त सोल एका बाजूने झिजलेला नको, टाच मोडलेली नको, आणि मापाचा कागद आधी आत घालून पाहायचा. आणि घरात मुलांना अनवाणी फिरू द्या, पायाला त्यासारखा व्यायाम नाही. पाच-सहा वर्षांपर्यंत तळवे सपाट दिसतात, त्यासाठी महागडे खास बूट लागत नाहीत. मात्र दुखत असेल, एकच पाय सपाट असेल किंवा मूल लंगडत असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

आम्ही आता बूट चांद रातीवर ठेवत नाही. यंदा विसाव्या रोज्यानंतर इफ्तारच्या आधी सगळ्यांना भिंतीशी उभं केलं. गेल्या ईदचे कागद कुराणाच्या कपाटाखालच्या खणात होते, ते काढून शेजारी ठेवले. थोरल्याचा पाय अकरा मिलिमीटरने वाढला होता, धाकटीचा नऊने. तिने लगेच विचारलं, "मग भाईजानचे मला नकोत ना?" कागद आत घालून पाहिला. सैल होते, तिचे नवे घेतले.