फलटणची सून आणि फलटणची मावशी

"येतो म्हटलो, खरं बस चुकली." हे वाक्य आमच्या टिळकवाडीत कोणालाही खटकत नाही. पुण्याकडचा पाहुणा मात्र क्षणभर बुचकळ्यात पडतो, कारण 'पण' म्हणावयाचे तेथे आम्ही बेळगावकर 'खरं' म्हणतो हे त्याला ठाऊक नसते. घरात, अंगणात, बाजारात हे 'खरं' सुखाने नांदते. वर्गात मात्र त्याला थारा नाही. मराठीतील एम. ए.ची पदवी खांद्यावर मिरवीत आम्ही ऐन उमेदीची कितीतरी वर्षे हे 'खरं' लाल शाईने खोडीत आलो. त्या काळी वर्गात एक मुलगा होता. पाठ केलेली कविता तो घडाघडा म्हणे. पण स्वतःच्या मनातले एक वाक्य बोल म्हटले की मान खाली घाली. आरंभी तो असा नव्हता. त्याच्या प्रत्येक वाक्याला आम्ही दुरुस्ती सुचवीत गेलो आणि त्याने बोलणेच सोडून दिले, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले.

या मुलाची आठवण आम्हांस फलटणची हकिकत वाचताना पुन्हा झाली. वाचकहो, परभूमीत बिऱ्हाड मांडून तेथल्या शाळेत सेवा करणाऱ्या कुटुंबांच्या कथा आपण वाचतो, त्या बहुधा आपल्याकडून तिकडे गेलेल्यांच्या असतात. ही उलट दिशेची कथा आहे. येथे परदेश म्हणजे सातारा जिल्ह्यातील फलटण. निंबाळकरांच्या संस्थानाचे, महानुभावांच्या श्रद्धेचे, शिवछत्रपतींच्या राणी सईबाईंच्या माहेरचे गाव.

या कथेतील पहिली स्त्री एलिझाबेथ लंडी. क्वेकर पंथाच्या अमेरिकन घरातील ही मुलगी विष्णु निंबकर यांच्याशी विवाह करून 1930 साली हिंदुस्थानात आली आणि कमला निंबकर झाली. इकडे मिठाचा सत्याग्रह चाललेला. तशा दिवसांत गोरी सून घरी येणे म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनीच करावी. नाव बदलले म्हणजे माणूस रुळला असे होत नाही. रुळण्यासाठी हाताला काम लागते. कमलाबाईंनी ते शोधून काढले. चाळिशी उलटल्यावर त्या पुन्हा मायदेशी विद्यार्थिनी होऊन गेल्या, अपंगांना नित्याच्या कामांतून सावरण्याचे शास्त्र, म्हणजे व्यवसायोपचार, शिकून आल्या आणि 1950 साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्याचे शिक्षण त्यांनी सुरू केले. मायदेशी गेलेली सून परत येताना सासरच्या माणसांसाठी विद्या घेऊन आली, असेच म्हणावे लागेल.

त्यांचे चिरंजीव बनबिहारी निंबकर फलटणला शेतीसंशोधनात रमले. त्यांच्या पत्नी जाई या इरावती कर्वे यांच्या कन्या, म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे यांची नात. अशा घराच्या शेजाराला 1966 साली दुसरी अमेरिकन स्त्री आली, ती मॅक्सीन बर्नसन.

मिशिगन राज्यात वाढलेल्या मॅक्सीनबाई प्रथम 1961 साली भारतात आल्या त्या हैदराबादच्या विवेकवर्धिनी महाविद्यालयात शिकविण्यासाठी. ही संस्था हैदराबादच्या मराठी माणसांनी उभारलेली. महाराष्ट्राबाहेरील आपणां सर्वांना याचा थोडा अभिमान वाटला तर तो क्षम्य समजावा. फलटणला त्या आल्या त्या मात्र विद्यार्थिनी म्हणून. तेथील बोलीत जातीनुसार, शिक्षणानुसार कसकसे भेद पडतात हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. 1973 साली पेनसिल्व्हानिया विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. जाई निंबकरांच्या साहाय्याने त्यांनी परभाषिकांसाठी मराठी शिकविणारी पुस्तके, व्याकरण आणि कोश सिद्ध केले. प्रबंध झाला, पदवी मिळाली. एखाद्या संशोधकाने गाशा गुंडाळला असता. मॅक्सीनबाई राहिल्या. 1978 साली त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले.

त्या राहिल्या त्या मुलांत. फलटणच्या दलित वस्तीतील मुले शाळेत जात, वर्ग चढत, आणि तरी त्यांना वाचता येत नसे. मॅक्सीनबाईंनी त्यांना शाळेबाहेर वेळ देऊन, विनावेतन, शिकवावयास घेतले. ज्यांची बोली त्यांनी अभ्यासिली त्यांच्याच मुलांपुढे त्या खडू घेऊन बसल्या, आणि गावच्या मुलांच्या त्या मॅक्सीनमावशी झाल्या. या कामातून 1984 साली प्रगत शिक्षण संस्था निघाली आणि 1986 साली शाळा. शाळेस नाव दिले 'कमला निंबकर बालभवन'. ती मराठी माध्यमाची, आणि सुखवस्तू घरातील मूल वंचितांच्या मुलाशेजारी बसावे या हेतूने काढलेली. कमलाबाईंची नात डॉ. मंजिरी निंबकर यांनी वैद्यकीय पदवी असूनही पुढे ही शाळा सांभाळली.

वाचन शिकविण्याची त्यांची रीत आम्हांस विशेष बोलकी वाटली. अ-आ-इ-ई अशी सबंध माळ घोकविण्याऐवजी थोडी अक्षरे आणि एखादी मात्रा आरंभीच द्यावयाची, म्हणजे पहिल्याच दिवसापासून शब्द जुळतात. आमच्यापुरते उदाहरण सांगतो. क, म, ल आणि काना एवढेच हाती द्या. काम, काल, मला, लाल, माल, मामा, काका, कमाल, इतके शब्द मूल स्वतः शोधते. शिवाय शब्द मुलांनीच सांगावयाचे, आणि लिहावयाचे तेही स्वतःच्या अनुभवाचे. घरची बोली चुकीची ठरविल्यावाचून तिच्याच खांद्यावरून पुस्तकी भाषेकडे जाण्याची ही वाट होय. प्रमाण मराठी शिकवू नये असे यात कोठेही नाही. ती शिकविलीच पाहिजे, नाहीतर खेड्यातले मूल परीक्षेत आणि पुढे कचेरीत मागे पडेल. प्रश्न एवढाच, की त्यासाठी आधी मुलाचे तोंड बंद करावे काय? आम्ही ते केले आहे, म्हणून विचारतो.

आमची मुले घरी बेळगावी मराठी, रस्त्यावर कन्नड, पुस्तकात पुण्याची मराठी आणि वर इंग्रजी असा चौपदरी भार वाहतात. हा भार पाहून पालक मराठी शाळाच नको म्हणतात. बोलीची लाज बाळगावयास आम्ही शिक्षकांनीच शिकविले. मग ती लाज भाषेपर्यंत पोहोचली तर दोष कोणाला द्यावा? मिशिगनच्या बाईला फलटणच्या वस्तीतील बोली अभ्यासण्याजोगी वाटली. आम्हांला ती खोडण्याजोगी वाटली.

तो मुलगा आता बाप झाला आहे. त्याचे मूल आमच्याच शाळेत पहिलीत आले. फलटणचे वाचल्यावर आम्ही पहिलीच्या बाईंना मुलांचे शब्द गोळा करावयास सांगितले. प्रत्येकाची एक वही. परवा त्या वह्या आम्ही चाळीत होतो. या मुलाच्या वहीत मामा, काम, लाल, माकड असे शब्द पहिल्या पानांवर होते. पुढे वेड्यावाकड्या अक्षरांत एक वाक्य होते, "मामा आला खरं आई कामाला." बाईंनी ते तसेच राहू दिले होते. आम्ही खिशातले लाल पेन काढले, मग ते परत ठेवले आणि मुलाला बोलावून विचारले, "मग मामाला चहा कोणी दिला?"

"मी," तो म्हणाला, "खरं साखर पडली."