काच नाही, तरी घरात उजेड!

अरे दोस्ता, एक कोडं घालू?

तुझ्या वर्गाच्या खिडकीला काच आहे ना? तिच्यामुळे उजेड आत येतो आणि पाऊस बाहेर राहतो. आता समज, काच मिळतच नाही! खिडकी उघडी टाकली तर पाऊस आत. लाकडाची झडप लावली तर भर दुपारी काळोख. मग काय करशील?

गोव्यातल्या लोकांनी काय केलं, सांगू? त्यांनी खिडकीला शिंपले लावले!

खोटं वाटतंय? मग चल पणजीला. घाल चपला! चालायचं अगदी थोडं आहे.

चर्च चौकातून निघू या. टेकडीवर ते पांढरंशुभ्र चर्च दिसतंय? त्याच्यापुढच्या नागमोडी पायऱ्या बघ! आणि वरची ती भलीमोठी घंटा! ती मूळची इथली नाहीच. जुन्या गोव्यातला एक मठ ओस पडला, तिथली ही घंटा. १८७१ साली ती या चर्चवर चढली.

चर्चजवळच एक बाग आहे. बस जरा बाकावर. या बागेला गार्सिया द ओर्ता याचं नाव दिलंय. तो होता पोर्तुगीज वैद्य. गोव्यात राहून त्याने आपल्याकडची झाडं, मसाले आणि औषधं बारकाईने पाहिली आणि त्यांच्यावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. ते १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. तेव्हा भारतात छापखाना येऊन जेमतेम सात वर्षं झाली होती!

आणि गंमत ऐक. या वैद्यबुवांकडे भाडेपट्ट्याने काय होतं, ओळख बघू. घर? शेत? छे! मुंबईचं बेट!

चल, उठ. पाच-दहा मिनिटांत आपण फोंतेन्हासमध्ये पोहोचू. एका बाजूला आल्तिनोची टेकडी, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधोमध ही चिंचोळ्या गल्ल्यांची वस्ती. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी इथे नारळीची बाग होती. आता घरं आहेत. पिवळी, निळी, तांबडी, हिरवी! पोर्तुगीजांच्या काळात पावसाळा संपला की दरवर्षी घर रंगवावंच लागे. आणि पूर्ण पांढरा रंग फक्त चर्चचा, असा रिवाज होता म्हणतात. म्हणून तर घरांनी बाकीचे सगळे रंग वाटून घेतले!

आता हळूच थांब. मान वर कर. इथल्या काही जुन्या घरांना अजून ती खिडकी आहे.

लाकडी पट्ट्यांच्या खाचांमध्ये छोटे छोटे चौकोन बसवलेत, दिसतात? दुधट रंगाचे, जरासे चमकणारे. तेच ते शिंपले!

हा शिंपला चपटा आणि जवळपास गोल असतो. मोठा झाला की तुझ्या तळहाताहून मोठा होतो, पण जाडी अगदी कमी. खाडीच्या चिखलावर तो आडवा पडून राहतो आणि पाणी गाळून त्यातले बारीक अन्नकण खातो. गोव्यात तो चिखली गावाजवळच्या खाडीत सापडतो. तिथली माणसं त्याला ‘मेंड्यो’ म्हणतात.

त्या काळी खिडकीची काच दूरदेशातून जहाजाने यायची. महाग किती पडत असेल! शिंपले मात्र इथल्याच पाण्यात मिळायचे. गोल कडा कापल्या, चौकोन केले, खाचांत सरकवले. झाली खिडकी तयार! आतून बाहेरचं दिसत नाही, बाहेरून आतलं दिसत नाही. पण उजेड येतो, तोही मऊमऊ. डोळ्यांवर तिरीप नाही.

आता खरी नवलाची गोष्ट! हा शिंपला बनलाय कॅल्साइटचा. म्हणजे चुनखडीतलं खनिज. तुमच्या स्वयंपाकघरातल्या अंड्याचं कवचही त्याचंच असतं! पण अंड्याच्या कवचातून पलीकडचा उजेड फारसा येत नाही. याच्यातून मात्र जवळपास ८० टक्के उजेड आरपार जातो. पदार्थ तोच, मग असं का?

शाळेच्या प्रार्थनेच्या रांगा आठव. मुलं सरळ ओळीत उभी असली की बाई मधून सहज चालत जातात. मधल्या सुट्टीत हीच मुलं, हेच मैदान, पण बाईंना दहा जणांचे धक्के! या शिंपल्यात कॅल्साइटचे इवलेसे चपटे कण एकावर एक, एकाच दिशेला तोंड करून रचलेले असतात. कणांची अशी रांग लागली की उजेड कमी अडखळतो. कण अस्ताव्यस्त असले की तो सगळीकडे उधळतो.

आणि थांब, अजून आहे! कॅल्साइट तसं ठिसूळ. एक टोला बसला की तुकडे! मग एवढा पातळ शिंपला खेकड्यांच्या नांग्यांपुढे टिकतो कसा? २०१४ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्याला सूक्ष्म टोकाने टोचून पाहिलं. काय दिसलं? टोचलं तिथेच खड्डा पडला, तडा पुढे पसरलाच नाही! कणांची रचना तिथल्या तिथे बदलते आणि धक्का त्या एवढ्याशा जागेत जिरून जातो. शंभरातले नव्व्याण्णव भाग कॅल्साइटच, तरी नुसत्या कॅल्साइटपेक्षा धक्का जिरवण्यात हा दसपट सरस! पारदर्शक चिलखतं बनवायची म्हणून शास्त्रज्ञ आता या शिंपल्याकडून शिकताहेत. चिखलात लोळणाऱ्या जिवाकडून, बरं का!

एवढं सगळं खाडीच्या काठी, आपल्या शेजारच्या राज्यात! मला तर राजवाड्यातल्या झुंबरापेक्षा ही खिडकी जास्त आवडते.

आता हा शिंपला वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे. म्हणजे खाडीत दिसला तरी घरी आणायचा नाही. आणि फोंतेन्हासच्या घरांत खरीखुरी माणसं राहतात, तेव्हा तिथे हळू आवाजात बोल, कुणाच्या पायरीवर चढून फोटो काढू नकोस. पण खालून खिडकी मात्र मनसोक्त बघ. एका खिडकीत किती शिंपले बसलेत, ते मोज आणि आम्हाला पत्राने नक्की कळव!